लेसर बदलताना किरणाची जुनी रेषा कशी राखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनरोधी टेबलावर मांडलेल्या मायकेल्सन पद्धतीच्या व्यतिकरणमापीतील (किरणाचे दोन भाग वेगळ्या वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणाऱ्या आणि त्यावरून लांबी मोजणाऱ्या उपकरणातील) हीलियम-निऑन लेसर अनेक वर्षांच्या वापराने मंदावला आहे. चालू करताना तो काही वेळा चमकून विझतो आणि मगच स्थिर होतो. त्याच्या जागी येणारा लेसर त्याच ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे, परंतु त्याचे मॉडेल वेगळे आहे. तो बसवल्यानंतर आरसे, बीम-स्प्लिटर (किरण दुभागणारी काच), पिनहोल (किरण गाळून स्वच्छ करणारे सूक्ष्म छिद्र), कॉलिमेटर (किरण समांतर करणारे भिंग) असे सगळे पुन्हा जुळवावे लागेल का, आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

सगळे पुन्हा जुळवावे लागत नाही, आणि तशी वेळ आणूही नये. नवा किरण जुन्या रेषेवर आणणे हे काम आहे. जुनी मांडणी नव्या किरणाकडे वळवणे हे काम नव्हे. हा भेद बोलताना किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात बहुतेक गोंधळ इथेच होतो. नवा लेसर बसवला, किरण बीम-स्प्लिटरवर थोडा बाजूला पडला, म्हणून बीम-स्प्लिटर जरासा फिरवला, त्यामुळे संदर्भ भुजेचा (दोन वाटांपैकी न हलणाऱ्या वाटेचा) आरसा हलवावा लागला, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावरचा प्रत्येक स्क्रू आपल्या मूळ जागेवरून सरकलेला असतो. व्यतिकरणाचे उजळ-काळे पट्टे दिसू लागतात खरे, पण मोजणीचा अक्ष (सरकत्या आरशाची वाट) आणि किरण यांचा आधीचा संबंध हरवलेला असतो, आणि तो हरवला आहे हे पट्ट्यांकडे पाहून कळत नाही.

अवकाशातली एक रेषा निश्चित करायला चार राशी लागतात : दोन स्थानाच्या आणि दोन दिशेच्या. दोन आरसे, प्रत्येकाला आडवा आणि उभा असे दोन स्क्रू, म्हणजे नेमक्या चारच राशी आपल्या हातात असतात. म्हणून लेसर आणि उरलेली मांडणी यांच्यामध्ये दिशा बदलणारे दोन आरसे असलेच पाहिजेत. आपल्या मांडणीत लेसर थेट बीम-स्प्लिटरवर रोखलेला असेल, तर या निमित्ताने हे दोन आरसे घालून घ्यावेत. एरवी लेसरचे बूड कागदाच्या पट्ट्या सरकवून उचलण्याची पाळी येते, आणि ती जुळणी फार दिवस टिकत नाही.

खरे महत्त्वाचे काम जुना लेसर चालू असतानाच करायचे असते. तो मंदावला असला तरी त्याचा किरण अजून योग्य रेषेवर आहे, आणि ती रेषा टेबलावर नोंदवून ठेवण्याची ही शेवटची संधी असते. लेसर किमान अर्धा तास तापू द्यावा, कारण नळी आणि तिचे आवरण तापताना किरणाची दिशा थोडी सरकत राहते. त्यानंतर दुसऱ्या आरशाच्या शक्य तितके जवळ एक छिद्र आणि पुढे जागा मिळेल तितक्या दूर दुसरे छिद्र बसवावे. आयरिस (पात्यांनी लहानमोठे करता येणारे छिद्र) वापरली तरी चालते, पण आयरिसच्या पात्यांना खेळ असतो आणि ती उघडून मिटली की केंद्र किंचित हलते. म्हणून ती नेहमी एकाच दिशेने मिटत आणावी. मला स्वतःला धातूच्या पट्टीत पाडलेले १ मि.मी.चे पक्के छिद्र अधिक भरवशाचे वाटते. अशी पट्टी चुंबकी किनेमॅटिक बैठकीवर ठेवली, तर ती काढून पुन्हा ठेवली तरी जागेवरच येते आणि रोजच्या वापरात आड येत नाही.

दोन छिद्रांमधले अंतर किती असावे, हे मोजणीच्या अपेक्षेवरून ठरते. प्रत्येक छिद्रावर किरण ०.१ मि.मी.पर्यंत मध्यावर आणता येतो असे धरले आणि दोन्ही चुका विरुद्ध दिशांना झाल्या, तर छिद्रांमध्ये २० सेंमी अंतर असताना दिशेतली चूक १ मिलिरेडियन होते, आणि १.४ मीटर अंतर असताना सुमारे ०.१४ मिलिरेडियन. सरकत्या आरशाचा अक्ष आणि किरण यांत θ इतका कोन असेल, तर L लांबीच्या मोजणीत साधारण Lθ²/२ इतकी चूक शिरते. एक मीटर सरकण्यात १ मिलिरेडियन कोनामुळे ही चूक ५०० नॅनोमीटर होते, म्हणजे दीड पट्ट्याहून अधिक, कारण एक पट्टा अर्ध्या तरंगलांबीचा, सुमारे ३१६ नॅनोमीटरचा असतो. ०.१४ मिलिरेडियन कोनाला हीच चूक १० नॅनोमीटरच्या आसपास येते. छिद्रे जवळजवळ ठेवून काम उरकणे किती महागात पडते, हे या दोन आकड्यांवरून लक्षात येईल.

छिद्रांबरोबर काही नोंदीही कराव्यात. लेसरच्या तोंडाशी, प्रत्येक आरशानंतर, पिनहोलच्या आधी व नंतर आणि शोधकावर (शेवटी प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरवर) किती शक्ती पोहोचते, ती मोजून लिहावी. नव्या लेसरची मूळ शक्ती वेगळी असेल, पण या टप्प्यांमधली गुणोत्तरे तीच राहिली पाहिजेत; कुठे गळती आहे ते नंतर गुणोत्तरावरूनच सापडते. पोलरायझर (एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश जाऊ देणारी चकती) फिरवून किरण कोणत्या कोनात विझतो तो अंश टिपावा. जमल्यास दोन ठिकाणी कॅमेरा लावून शलाकेचा आकार आणि तिच्या केंद्राचे स्थान साठवावे.

लेसर आधीच बंद पडला असेल, तर रेषा उलट बाजूने शोधावी लागते. मांडणीत जे भाग हललेले नाहीत त्यांतच ती रेषा दडलेली असते. कॉलिमेटरच्या पुढे एखादा छोटा लेसर ठेवून त्याचा किरण उलट दिशेने, सपाट संदर्भ आरशावर लंब पडेल अशा बेताने पाठवता येतो. त्या आरशावरून परतलेला ठिपका जिथून निघाला तिथेच येऊन पडला की किरण लंब झाला. मग तोच किरण बीम-स्प्लिटर आणि पिनहोलमधून मागे जातो आणि लेसर जिथे असायला हवा तिथपर्यंतची रेषा दाखवतो. त्या उलट्या किरणावर दोन छिद्रे बसवली की पुढचे काम नेहमीसारखेच. पिनहोल इथे फार उपयोगी पडते, कारण ते काही मायक्रोमीटरचे पक्के बिंदुस्थान आहे. त्याला आणि त्याच्या तीन सरकस्क्रूंना अशा वेळी हात लावू नये.

आता लेसर काढण्याविषयी. हीलियम-निऑन नळी चालू असताना तिच्यावर सर्वसाधारणपणे एक ते अडीच हजार व्होल्ट असतात, आणि ती पेटताना क्षणभर ७ ते १० हजार व्होल्ट लागतात. प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो, पण वीज बंद केल्यावरही नळीत आणि पुरवठ्यातल्या संधारित्रांत भार शिल्लक राहतो. प्लग काढल्यावर थोडे थांबावे आणि विद्युतरोधक मुठीच्या साधनाने दोन्ही टोके जोडून भार उतरवावा, मगच हात लावावा. धक्क्यापेक्षा धक्क्याने दचकून हातातली नळी सुटण्याचा किंवा कोपर आरशावर आदळण्याचा धोका अधिक असतो. नवा लेसर जुन्याच पुरवठ्यावर चालवण्याचा मोह टाळावा. प्लग जुळला म्हणजे प्रवाह जुळला असे होत नाही. नळीला ठरलेला प्रवाह आणि योग्य रोधक मिळाला नाही, तर ती लुकलुकते, आणि सुटी नळी उलट्या ध्रुवतेने जोडली तर ॲनोडच्या धातूचे कण उडून नळी थोड्याच वेळात निकामी होते.

डोळ्यांच्या सुरक्षेबद्दल मोजकेच लिहितो, कारण नियम स्पष्ट आहेत. आयईसी ६०८२५-१ या मानकानुसार १ मिलिवॅटपर्यंतचा सतत चालणारा दृश्य लेसर वर्ग २ मध्ये येतो, जिथे पाव सेकंदात मिटणारी पापणी संरक्षण देते, असे गृहीत धरलेले असते. ५ मिलिवॅटपर्यंत वर्ग ३आर आणि त्यापुढे ५०० मिलिवॅटपर्यंत वर्ग ३बी. जुळणीच्या वेळी घड्याळ व अंगठ्या काढून ठेवाव्यात, प्रत्येक न वापरलेला परावर्तित किरण अडवावा आणि खाली पडलेला स्क्रू उचलताना डोळे किरणाच्या उंचीवर येणार नाहीत याची काळजी घ्यावी.

नव्या लेसरची नळी दोन कड्यांत धरतात. ही कडी जेमतेम घट्ट असावीत. आवरणावर जास्त दाब पडला, तर तो आतल्या नळीपर्यंत पोहोचतो, आणि तिच्या टोकांना बसवलेले रेझोनेटरचे (ज्यांच्यामध्ये प्रकाश मागेपुढे फिरून लेसर किरण तयार होतो ते) आरसे एकमेकांना समांतर राहत नाहीत. शक्तिमापक समोर ठेवून स्क्रू आवळत गेलात आणि शक्ती खाली येऊ लागली, तर तो इशारा समजावा व स्क्रू सैल करावा.

यानंतर लगेच आरशांकडे वळू नये. आधी लेसर स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून ध्रुवणाची (प्रकाशाच्या कंपनाची) दिशा जुन्या नोंदीप्रमाणे करून घ्यावी. किरण आवरणाशी अगदी समांतर व अगदी मध्यातून कधीच निघत नाही, त्यामुळे लेसर फिरवला की किरण एका लहान शंकूवर फिरतो. आधी दिशा जुळवून मग ध्रुवण जुळवणारा माणूस दिशा दोनदा जुळवतो. नवा लेसर रेषीय ध्रुवणाचा नसून तथाकथित यादृच्छिक ध्रुवणाचा असेल, तर वेगळीच अडचण येते. अशा नळीत शेजारशेजारचे मोड (लेसरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या किंचित वेगळ्या वारंवारता) एकमेकांना लंब ध्रुवण घेऊन चालतात, आणि नळी तापून लांबत असताना शक्ती एका ध्रुवणातून दुसऱ्यात सरकत राहते. समोर पोलरायझर धरला, तर ठिपका सावकाश उजळतो, मंद होतो, पुन्हा उजळतो, आणि नळी जसजशी स्थिरावते तसतशी ही लय संथ होत जाते. लेसर सदोष आहे असे समजून तो परत पाठवण्याआधी हे लक्षात घ्यावे. ध्रुवणावर चालणारा बीम-स्प्लिटर तुमच्या मांडणीत असेल, तर मात्र असा लेसर घेऊच नये. ऑप्टिकल आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवायचा असेल, तर तोही याच टप्प्यावर बसवावा, कारण त्यातून जाताना किरण थोडा सरकतो.

आता दोन आरशांचे काम. नियम एकच आहे : लेसरजवळच्या पहिल्या आरशाने किरण जवळच्या छिद्रावर आणायचा आणि दुसऱ्या आरशाने दूरच्या छिद्रावर, आणि हे आळीपाळीने करत राहायचे. हा नियम पाठ असलेले अनेक असतात, पण तो का चालतो हे माहीत असले म्हणजे अडल्यावर वाट सापडते. दुसऱ्या आरशापासून जवळचे छिद्र a अंतरावर, दूरचे b अंतरावर आणि दोन आरशांमधले अंतर d असे माना. दुसऱ्या आरशाने दूरची चूक पुसली की जवळच्या छिद्रावर थोडी चूक उगवते. ती पहिल्या आरशाने पुसली की दूरच्या छिद्रावर काही चूक परत येते. एका फेरीनंतर दूरच्या चुकीचा उरणारा भाग a(d+b)/b(d+a) इतका असतो. a १० सेंमी, b १५० सेंमी आणि d ३० सेंमी असेल, तर हा भाग ०.३ येतो. म्हणजे सुरुवातीची ५ मि.मी.ची चूक पहिल्या फेरीत दीड मि.मी., मग ०.४५, मग ०.१४ आणि चौथ्या फेरीत ०.०४ मि.मी. होते. दोन आरसे एकमेकांपासून फक्त ५ सेंमीवर असतील, तर हाच भाग ०.६९ होतो आणि तेवढीच अचूकता गाठायला तेराएक फेऱ्या लागतात. आणि आरशांची अदलाबदल झाली, म्हणजे पहिल्या आरशाने दूरचे छिद्र आणि दुसऱ्याने जवळचे साधू लागलात, तर पहिल्या मांडणीत चूक प्रत्येक फेरीला तिपटीहून अधिक वाढते. किरण छिद्रांपासून दूरदूर पळतो आहे असे वाटले, तर स्क्रूंना किंवा लेसरला दोष देण्याआधी आपला हात कोणत्या आरशावर आहे ते पाहावे.

स्क्रूच्या संवेदनशीलतेचाही अंदाज असावा. इंचाला ८० आटे असलेल्या स्क्रूची एक फेरी म्हणजे सुमारे ०.३२ मि.मी. टेकू आणि स्क्रू यांत ३८ मि.मी. अंतर असलेल्या माउंटवर आरसा त्यामुळे ८ मिलिरेडियनहून थोडा अधिक कलतो, किरण त्याच्या दुप्पट वळतो, आणि दीड मीटरवर ठिपका जवळजवळ २५ मि.मी. सरकतो. त्याच ठिकाणी ०.१ मि.मी. सरकवायचे, तर स्क्रू जेमतेम दीड अंश फिरवावा लागतो. इतके बारीक फिरवणे षट्कोनी चावीच्या लांब दांड्याने सोपे जाते, आणि चावी काढून घेतल्यावरच ठिपका पाहावा, कारण हाताचे वजन माउंटवर असताना दिसणारे स्थान खरे नसते. आडवी आणि उभी दिशा वेगवेगळी हाताळावी. चारही स्क्रू एकाच वेळी चाळवले की फेऱ्यांचे वरचे गणित लागू राहत नाही.

या टप्प्यावर दोन फसवे प्रकार नेहमी आढळतात. एक म्हणजे खोटा ठिपका. थर न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, आणि पाचरीसारख्या काचेच्या मागच्या पृष्ठावरून आलेला ठिपका मुख्य ठिपक्याच्या शेजारीच पडतो. किरण फारच बाहेर असताना हा मंद ठिपका नेमका छिद्रात सापडू शकतो. छिद्रानंतरची शक्ती नोंदीशी ताडून पाहिली की तो ओळखू येतो. दुसरा प्रकार प्रकाश कमी करणाऱ्या करड्या फिल्टरचा. त्याच्या दोन पृष्ठांत १० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन असेल, तर किरण सुमारे ५ कला वळतो, म्हणजे दीड मीटरवर दोन मि.मी.हून अधिक सरकतो. फिल्टर लावून जुळणी केली आणि शेवटी फिल्टर काढला, तर सगळी मेहनत तेवढ्याने हुकते. फिल्टर शक्यतो कॅमेऱ्याच्या तोंडाशीच लावावा. वाटेतच ठेवणे भाग असेल, तर जुन्या लेसरची रेषा नोंदवतानाही तो त्याच स्थितीत असला पाहिजे.

दोन्ही छिद्रांतून किरण व्यवस्थित गेला, तरी पिनहोलमधून आधीइतका प्रकाश येत नाही असे घडू शकते, आणि मॉडेल बदलले असेल तर याची शक्यता मोठी आहे. कारण दिशा नव्हे, शलाकेची रुंदी. जुनी शलाका ०.८ मि.मी. व्यासाची आणि भिंग १६.५ मि.मी. केंद्रांतराचे असेल, तर केंद्रावरचा ठिपका सुमारे १७ मायक्रोमीटरचा होतो आणि त्याच्या दीडपट, म्हणजे २५ मायक्रोमीटरचे पिनहोल योग्य ठरते. नव्या लेसरची शलाका ०.६५ मि.मी.ची असली, तर ठिपका २० मायक्रोमीटरच्या वर जातो. तेच पिनहोल आता कडेचा काही प्रकाश कापते आणि पुढच्या शलाकेभोवती मंद वलये दिसू लागतात. अरुंद शलाका अधिक वेगाने पसरते, म्हणून कॉलिमेटरवरची तिची वक्रताही बदलते. इथे पुढच्या भागांना हात न लावण्याच्या नियमाला अपवाद करावा लागतो : पिनहोल ३० मायक्रोमीटरचे घ्यावे, भिंग व पिनहोल यांतले अंतर जुळवावे, आणि कॉलिमेटर शिअर-प्लेटने (शलाका समांतर आहे का ते पट्ट्यांवरून दाखवणाऱ्या काचेने) तपासावा. शिअर-प्लेटवरचे पट्टे तिच्यावरील संदर्भरेषेला समांतर झाले की शलाका समांतर झाली. याहून स्वच्छ उपाय म्हणजे लेसर आणि पहिला आरसा यांच्यामध्ये दोन भिंगांचा लहान टेलिस्कोप घालून नव्या शलाकेची रुंदी आणि पसरण जुन्याइतकी करणे. म्हणजे पुढचे काहीच बदलावे लागत नाही. मात्र तो आरशांच्या फेऱ्यांआधीच घालावा.

आता रेषा बरोबर, रुंदी बरोबर, तरीही पट्टे फिके दिसतात अशी तक्रार उरते, तिच्याबद्दल. हीलियम-निऑन वायूचा वर्धनपट्टा (ज्या वारंवारतांवर लेसर चालू शकतो तो पल्ला) सुमारे १.५ गिगाहर्ट्झ रुंद असतो आणि रेझोनेटरची लांबी L असेल, तर मोडांमधले अंतर c/२L (c म्हणजे प्रकाशाचा वेग). ३० सेंमी लांबीला ते ५०० मेगाहर्ट्झ येते, म्हणून एका वेळी दोन-तीन मोड चालतात. दोन समान मोड असतील, तर दोन भुजांमधला मार्गफरक L इतका झाला की पट्टे जवळजवळ नाहीसे होतात आणि २L झाला की पुन्हा स्पष्ट होतात. तुमच्या मांडणीत मार्गफरक ६० सेंमी असेल आणि जुन्या रेझोनेटरची लांबी ३० सेंमी असेल, तर इतकी वर्षे तुम्ही नकळत नेमक्या चांगल्या जागी काम करत होता. नव्या रेझोनेटरची लांबी ४० सेंमी असली, तर त्याच मार्गफरकाला दोन समान मोडांची पट्ट्यांची स्पष्टता सुमारे ७० टक्क्यांवर येते, आणि अधिक मोड असतील तर ती आणखी बदलते. आरसे कितीही जुळवले तरी ही घट भरून निघत नाही. शक्य असेल तर मार्गफरक शून्याजवळ आणावा. नसेल तर एकाच मोडवर चालणारा स्थिरीकृत (वारंवारता एका जागी धरून ठेवणारा) लेसर घ्यावा.

स्थिरीकरणाचा प्रश्न लांबीच्या मोजणीत वेगळ्या कारणानेही येतो. साध्या हीलियम-निऑन लेसरची वारंवारता त्या १.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेही असू शकते, आणि मूळ वारंवारता सुमारे ४७३.६ टेराहर्ट्झ असल्यामुळे हा फरक फार तर दशलक्षात तीन भाग होतो. मीटरभर मोजणीत तो ३ मायक्रोमीटर इतका असू शकतो. स्थिरीकृत लेसरने हा दोष शेकडो पटींनी कमी होतो, पण मग हवेचा अपवर्तनांक पुढे येतो : तापमान १ अंश सेल्सिअस बदलले, तर सुमारे दशलक्षात एक भाग, आणि दाब १ हेक्टोपास्कल बदलला तर त्याच्या जवळपास चौथा भाग. हवामानाची नोंद घेतली जात नसेल, तर महागड्या लेसरने पदरात फारसे पडत नाही.

हीलियम-निऑनच्या जागी स्वस्त लाल डायोड लेसर बसवावा का, असे कोणी विचारले, तर याच कारणासाठी माझे उत्तर मोजणीच्या कामापुरते नकाराचे आहे. ६३५ नॅनोमीटर असे लिहिलेला डायोड प्रत्यक्षात काही नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकतो, तापमानाबरोबर त्याची तरंगलांबी सरकते आणि मध्येच एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारते. केवळ रेषा दाखवण्यासाठी किंवा उलट किरण पाठवण्यासाठी तो उत्तम आहे.

मायकेल्सन मांडणीत अर्धा प्रकाश लेसरकडेच परत येतो, हेही विसरू नये. परतलेला किरण नेमका रेझोनेटरच्या आरशावर पडला, की शक्ती थरथरते आणि स्थिरीकृत लेसरची वारंवारता धरलेल्या जागेवरून सुटते. जुना लेसर हे सहन करत होता म्हणून नवाही करेल असे नाही. परतलेला ठिपका लेसरच्या तोंडापासून एक-दोन मि.मी. बाजूला पडेल इतपत कल देऊन भागते, पण लांबीच्या मोजणीत तो कलही चुकीत मोजला जातो, म्हणून तिथे आयसोलेटरच बरा.

लेसर पुढेही बदलावा लागणार आहे, हे धरून चालायचे असेल, तर लेसर आणि मांडणी यांच्यामध्ये एकमोडी प्रकाशतंतू घालण्याचा विचार करावा. तंतूचे बाहेरचे टोक पक्के बसवले की पुढच्या किरणाची रेषा आणि आकार दोन्ही तेच टोक ठरवते. लेसर बदलला तरी फक्त आतल्या टोकाशी प्रकाश शिरवण्याचे काम उरते. ६३३ नॅनोमीटरच्या अशा तंतूत प्रकाशाचा ठिपका चारएक मायक्रोमीटरचाच असतो, त्यामुळे ते काम नाजूक आहे, पण त्याचा परिणाम शक्तीवर होतो, मोजणीच्या अक्षावर नाही. तंतू ध्रुवण राखणारा आणि ८ अंशांत तिरक्या घासलेल्या टोकांचा घ्यावा. यात काही शक्ती जाते आणि तंतू हलला तर प्रकाशतरंगाची कला (फेज) सरकते, म्हणून दोन भुजा तंतूनंतरच वेगळ्या झाल्या पाहिजेत.

सर्व जुळल्यावर स्क्रूंच्या कुलूप-चकत्या आवळाव्यात आणि लगेच दोन्ही छिद्रे पुन्हा पाहावीत, कारण चकती आवळतानाच आरसा थोडा हलतो. त्यानंतर लेसर बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू करावा आणि अर्ध्या तासाने ठिपके तपासावेत. दोन्ही छिद्रांवर ठिपका एकाच दिशेला सारख्याच अंतराने सरकला असेल, तर लेसरची कडी किंवा बैठक जागेवरून सरकली आहे असे समजावे. तीच पुन्हा पाहावी, आरशांनी ती चूक झाकू नये. जवळच्या छिद्रावर ठिपका मध्यावर आणि फक्त दूरच्या छिद्रावर सरकलेला असेल, तर दुसऱ्या आरशाचे माउंट स्थिरावलेले नाही. त्याची कुलूप-चकती सैल करून, स्क्रू एकदा पुढे-मागे फिरवून स्प्रिंगचा ताण मोकळा करावा आणि मग त्याच एका आरशाने किरण छिद्रावर आणावा. चालू केल्याची तारीख, लेसरचा क्रमांक, तासमापकाचा आकडा आणि प्रत्येक टप्प्यावरची शक्ती त्याच दिवशी वहीत लिहावी.